गोव्यात पहिलं घर घ्यायचंय आणि डाऊन पेमेंटला पैसे कमी आहेत? मग हे वाचून घ्या

मराठीत घर घेण्याबद्दल काही शोधायला गेलं की बहुतेक माहिती महाराष्ट्राची येते. सातबारा बघा, म्हाडाचा फॉर्म भरा, रजिस्ट्रेशन फी जास्तीत जास्त ३० हजार. गोव्यात यातलं काही लागू होत नाही. आपल्याकडे सातबाराच्या जागी एक-चौदाचा उतारा आहे, म्हाडाच्या जागी हाउसिंग बोर्ड आहे, रजिस्ट्रेशन फी किमतीच्या टक्क्यात जाते, आणि नवरा-बायकोच्या मालकीचा कायदाच वेगळा आहे. मी आणि बायकोने दोघांच्या पगारावर फोंड्याच्या बाजूला वन बीएचके घेतला, बचत फार नव्हती, तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. सरकार किंवा बँक डाऊन पेमेंटचे पैसे हातात देईल अशा आशेवर बसू नका. ज्या योजना आहेत त्या नंतर कर्जातून थोडे पैसे कमी करतात. डाऊन पेमेंट कमी ठेवायचा खरा उपाय म्हणजे कागद स्वच्छ असलेलं घर शोधणं, कारण बँक पूर्ण कर्ज तशाच घराला देते, आणि कागदात घोळ असला की तो फरक तुमच्या खिशातून जातो.

१. आधी खरी रोकड किती लागेल ते काढा

बिल्डर सांगतो "फक्त दहा टक्के भरा". हे अर्धं खरं आहे. आरबीआयच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या होम लोनला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्याच्यावर ७५ टक्के. ही वरची मर्यादा आहे, तुमचा हक्क नाही, बँक तुमचा पगार आणि बिल्डिंग बघून कमी पण देते. आणि घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन वगैरे त्या किमतीत धरता येत नाही. म्हणजे तो सगळा खर्च तुमचा.

समजा फ्लॅट २७ लाखांचा आहे, अंडर कन्स्ट्रक्शन. मी धरलेला हिशेब असा:

- १० टक्के स्वतःचे: २ लाख ७० हजार
- स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशनसाठी ढोबळ ८ टक्के बाजूला: २ लाख १६ हजार (दर किमतीच्या स्लॅबप्रमाणे बदलतात, नेमका आकडा वकिलाकडून किंवा सब-रजिस्ट्रारकडून काढून घ्या, मी मुद्दाम जास्त धरलेत)
- जीएसटी १ टक्का: २७ हजार
- वकील, टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन: ४० हजार धरा
- मेंटेनन्स डिपॉझिट, वीज मीटर, पंखे, ग्रिल, किचनचा ओटा नीट करणं: १ लाख

झाले साडेसहा लाख. २ लाख ७० हजार जमवून जो उत्साहात टोकन देतो तो इथे अडकतो आणि मग पर्सनल लोनच्या मागे धावतो.

जीएसटीबद्दल थोडं. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के, पण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट एरिया ९० चौ.मी.पर्यंत असेल तर १ टक्का (मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत ही मर्यादा ६० चौ.मी. आहे). कंप्लिशन झालेल्या तयार फ्लॅटला आणि रिसेलला जीएसटी नाही. पैसे कमी असतील तर रिसेल बघायला लाजू नका, दहा-बारा वर्षं जुनी बिल्डिंग असली तरी लिफ्ट, पाणी, शेजारी सगळं डोळ्यांनी बघून घेता येतं.

२. घर बघायच्या आधी बँकेत जा

बहुतेक जण उलट करतात, आधी घर आवडतं मग बँक. आधी सिबिल रिपोर्ट काढा, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुल रिपोर्ट फुकट मिळतो. ७५० च्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं आणि कुठले तरी ३०० रुपये बाकी दाखवतंय असलं काही असेल तर ते आत्ताच मिटवा, अपडेट व्हायला वेळ लागतो.

मग ईएमआय. ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये महिना. २४ लाख ३० हजारांच्या कर्जाला २१ हजारांच्या आसपास. बँका साधारण बघतात की तुमचे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत असावेत, त्यामुळे बाईकचा किंवा मोबाईलचा हप्ता चालू असेल तर तो आधी संपवा, तेवढीच कर्जाची कपॅसिटी वाढते. नवरा-बायको दोघं कमावत असाल तर जॉइंट अर्ज करा.

इन-प्रिन्सिपल सँक्शन लेटर (एवढं कर्ज देऊ असं बँकेचं तत्त्वतः पत्र) घ्या आणि बँकेला दोन प्रश्न विचाराच. पहिला, या भागात तुम्ही किती टक्के देता? दुसरा, तुमच्या पॅनलवरचा, म्हणजे बँकेसाठी कागद तपासणारा वकील कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे फार कामाला येतं.

३. पैसे कुठून आणायचे, आणि कुठल्या क्रमाने

आधी स्वतःची एफडी, आरडी, भिशी. मग हे:

ईपीएफ. घरासाठी पैसे काढता येतात आणि ते परत भरायचे नसतात. पूर्वी ५ वर्षं मेंबरशिप लागायची. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या बोर्डाने नियम सोपे करायचं ठरवलं, नोकरीची अट १२ महिन्यांवर आणि खात्यात २५ टक्के शिल्लक राहिली पाहिजे असं. फॉर्म भराल त्या दिवशी पोर्टलवर जी अट दिसेल तीच खरी धरा. महत्त्वाचं काम आधीच करून ठेवा: यूएएनला (तुमचा पीएफचा नंबर) आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं आहे का आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगची मजा असते, एका कागदावर नाईक तर दुसऱ्यावर नायक, एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये तर दुसऱ्या ठिकाणी गायब, आणि क्लेम तिथेच रिजेक्ट होतो. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केला नसेल तर तोही आधी करा.

पीपीएफ असेल तर सातव्या आर्थिक वर्षापासून थोडे पैसे काढता येतात. एनपीएसवाल्यांना ३ वर्षांनंतर स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्क्यांपर्यंत पहिल्या घरासाठी काढता येतात.

आईवडिलांकडून मदत. आईवडील, भाऊ-बहीण यांनी दिलेल्या पैशांवर इन्कम टॅक्स नाही. पैसे खात्यातूनच घ्या आणि साधं गिफ्ट लेटर करा, बँक विचारते की अचानक एवढे पैसे कुठून आले. पण गोव्यात इथे एक वेगळी गाठ आहे जी बाहेरच्या लेखांत कुणी सांगत नाही. आपल्या वारसा कायद्याप्रमाणे आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा वाटा मुलांसाठी राखीव असतो, आणि एका मुलाला आधी दिलेली गिफ्ट पुढे इन्व्हेंटरीच्या (वारसांत मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रक्रिया) वेळी हिशेबात धरली जाऊ शकते. म्हणजे आज वडिलांनी ३ लाख दिले आणि बहिणीला माहीतच नाही, तर पंधरा वर्षांनी कोर्टात तो विषय निघू शकतो. सगळ्यांच्या कानावर घालून घ्या, जमलं तर लेखी. चतुर्थीला सगळे घरी जमतात तेव्हा बोला, फोनवर नको.

सोनं गहाण किंवा एलआयसी पॉलिसीवर कर्ज हे शेवटचे, आणि तेही शेवटचे ५०-६० हजार कमी पडले तर. त्याचं व्याज ईएमआयशिवाय वेगळं भरावं लागतं हे लक्षात ठेवा.

पर्सनल लोन काढून डाऊन पेमेंट अजिबात करू नका. तो हप्ता लगेच रिपोर्टमध्ये दिसतो, होम लोनची रक्कम कमी होते, म्हणजे डाऊन पेमेंट आणखी वाढतं. एजंट सांगतात "होम लोन सँक्शन झाल्यावर काढा, कोणाला कळत नाही". बँक पैसे सोडायच्या आधी पुन्हा सिबिल बघू शकते.

४. सरकारी योजना: काय मिळतं, काय नाही

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. ही १ सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. आपल्या कामाचा भाग म्हणजे व्याज सबसिडी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट १२० चौ.मी.पर्यंत. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही ५ वार्षिक हप्त्यांत. वर्षाला फार तर ३६ हजार, थेट कर्ज खात्यात. डाऊन पेमेंटला याचा एक रुपया उपयोग नाही, पण सोडायचेही नाहीत.

आता आकड्यांचा खेळ बघा. ३३ लाखांचं घर योजनेत बसतं, पण कर्ज २५ लाखांच्या आत हवं, म्हणजे ८ लाख तुमचे. तेच २७ लाखांचं घर असेल तर ९० टक्के म्हणजे २४ लाख ३० हजार कर्ज, योजनेत बसलं आणि स्वतःचे २ लाख ७० हजारच. बचत कमी असलेल्यांसाठी साडेसत्तावीस लाखांच्या आतलं घर हेच सगळ्यात फायद्याचं पडतं. या पैशात पणजी, पर्वरी विसरा. कुडचडे, केपे, डिचोली, साखळी, फोंड्याच्या आसपास शोधा, तिथेही शोधावंच लागेल.

दोन सापळे आहेत. एक, योजना शहरी आहे आणि आपल्याकडे शहरासारखा दिसणारा कितीतरी भाग पंचायतीत येतो. ती जागा योजनेच्या यादीत बसते का हे बँकेकडून आधी विचारून घ्या. दोन, देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नसावं अशी अट आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, त्यामुळे हयात वडिलांच्या नावावरचं घर आड येत नाही. पण वडील गेलेले असतील आणि गावच्या घरात तुम्ही वारस असाल, इन्व्हेंटरी झालेली नसली तरी, तर प्रश्न येतो, आणि गोव्यात कम्युनियनच्या (नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची धरणाऱ्या) कायद्यामुळे बायकोच्या माहेरच्या हिश्शाबद्दलही विचारतील. बँकेला सगळं खरं सांगा आणि उत्तर लेखी घ्या. खोटं ॲफिडेव्हिट देऊन सबसिडी घेतली तर ती वसूल होते.

गोवा हाउसिंग बोर्ड. अधूनमधून प्लॉट किंवा फ्लॅटच्या जाहिराती काढतं, गोव्यातल्या वास्तव्याची अट असते. रेसिडन्स सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा कारण जाहिरात आली की सगळे एकाच वेळी मामलेदार ऑफिसात रांग लावतात. पर्वरीच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचारलेलं बरं.

अटल आसरा ही एसटी समाजासाठी आदिवासी कल्याण खात्याची योजना आहे, स्वतःच्या जागेत घर बांधायला किंवा दुरुस्तीला. फ्लॅट घेण्यासाठी नाही. आणि म्हजें घर योजनेबद्दल खूप जण विचारतात, ती आधीच उभी असलेली घरं कायदेशीर करण्यासाठी आहे, नवीन घराचे पैसे त्यातून मिळत नाहीत. कुणी "आत जाऊन फॉर्म करून देतो" म्हणून पैसे मागितले तर सरळ निघून या.

५. घराचे कागद, इथेच खरा वेळ घाला

स्वस्त घर दिसलं की पहिला प्रश्न: हे स्वस्त का आहे? गोव्यात उत्तर बहुतेक वेळा जमिनीत सापडतं.

एक-चौदाचा उतारा ऑनलाइन मिळतो, शहरी भागात फॉर्म डी. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कॉलममध्ये नाव असेल तर तिथेच थांबा आणि वकिलाला विचारा. जमीन कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) आहे का, अल्वारा (सरकारने पूर्वी दिलेली जमीन) आहे का, शेतीची होती तर सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आहे का, झोन कुठला. फ्लॅट असेल तर मंजूर प्लॅन, कंप्लिशन आणि पंचायत किंवा पालिकेची ऑक्युपन्सी, म्हणजे ओसी (राहायला परवानगीचा दाखला). "ओसी येतेय, पुढच्या महिन्यात" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू येतं. ओसी नसेल तर रिसेलला बऱ्याच बँका हात लावत नाहीत.

मालक कोण हा प्रश्न आपल्याकडे लांबतो. आजोबांच्या नावावर जमीन, वारस अकरा, त्यातले तीन मुंबईत, दोन लिस्बनला, एक कुठे आहे कुणाला माहीत नाही. इन्व्हेंटरी झाली आहे का किंवा डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते सांगणारा दस्त) आहे का ते बघा. विकणारा विवाहित असेल तर नवरा आणि बायको दोघांची सही लागते, घर एकाच्याच नावावर दिसत असलं तरी. अविभाजित हिस्सा विकत असतील तर बाकीच्या सहमालकांना आधी घ्यायचा हक्क असतो. कागद पोर्तुगीज भाषेतले असतील तर भाषांतर लागेल, त्याचा खर्च कोण करणार हे आधी ठरवा.

विकणारा एनआरआय असेल, पोर्तुगीज पासपोर्टवाला असेल, तर टीडीएस वेगळा आणि जास्त कापावा लागतो आणि तो कापायची जबाबदारी तुमची असते. ५० लाखांच्या वरच १ टक्का हा नियम तिथे लागत नाही. सीएकडे जाऊन या. पॉवर ऑफ ॲटर्नीवर कुणी सही करणार असेल तर ती पॉवर चालू आहे का ते वकिलाला तपासायला सांगा.

आता त्या पॅनल वकिलाचं. टोकन द्यायच्या आधी कागदाच्या झेरॉक्स त्याच्याकडे नेऊन सर्च करून घ्या, फी जाईल, जाऊ दे. एकदा टोकन दिलं आणि बँकेने टायटल नाकारलं की मग तुम्ही जास्त व्याजाच्या, कमी टक्के देणाऱ्या फायनान्सवाल्याकडे जाता आणि १० टक्क्यांचं डाऊन पेमेंट ३० वर जातं.

६. टोकन आणि ॲग्रीमेंट

नवीन प्रोजेक्ट असेल तर गोवा रेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर देखरेख करणारी सरकारी संस्था) साइटवर नंबर टाकून बघा. ५०० चौ.मी.पेक्षा मोठा प्लॉट किंवा ८ पेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी सक्तीची आहे. ॲग्रीमेंट रजिस्टर न करता बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही, हा कायदा आहे, नम्रपणे सांगा.

टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या: बँकेने टायटलच्या कारणावरून कर्ज नाकारलं तर टोकन परत. जो ही ओळ लिहायला तयार नाही त्याला कागदाचं काहीतरी माहीत आहे असं समजा.

रोख मागणारे भेटतील. "२७ चा फ्लॅट, कागदावर २१ दाखवू, ड्युटी वाचेल." गणित करा. बँक ॲग्रीमेंटची किंमत आणि स्वतःचं व्हॅल्युएशन यातली जी कमी असेल त्याच्यावर कर्ज देते. २१ चे ९० टक्के म्हणजे १८ लाख ९० हजार, बाकी ८ लाख तुम्ही आणायचे. ड्युटीत वाचले ५० हजार आणि डाऊन पेमेंट तिप्पट. शिवाय प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख चालत नाही.

पझेशनपर्यंत ईएमआय नाही, १०:९० (आता १० टक्के भरा, बाकी ९० नंतर) वगैरे स्कीम आल्या तर सावध. बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच कर्ज सोडायचं असं आरबीआयने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय. कर्ज तुमच्या नावावर असतं, बिल्डरने हप्ता भरायचा बंद केला तर सिबिल तुमचं खराब होतं.

७. रजिस्ट्रेशन आणि नंतर

तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे. दोघांची नावं घाला, लग्न गोव्यात रजिस्टर झालंय आणि वेगळा करार केलेला नाही तर कायद्याने तसंही घर दोघांचं असतं, कागदावर दिसलं की पुढे सोपं जातं. चेक कुठल्या दिवशी देणार, बँकेचा माणूस येणार का, विकणाऱ्याचं जुनं कर्ज असेल तर त्या बँकेचे मूळ कागद कधी सुटणार, हे आदल्या आठवड्यात फोन करून पक्कं करा.

सोबत न्यायची आणि बँकेत द्यायची फाइल (दोन सेट करा):

- आधार, पॅन, फोटो, दोघांचे
- लग्नाचा दाखला
- ६ महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ किंवा २ वर्षांचे आयटीआर
- वर्षभराचं बँक स्टेटमेंट, स्वतःच्या भरण्याचे पैसे कुठून आले ते दिसलं पाहिजे, गिफ्ट लेटर
- एक-चौदा किंवा फॉर्म डी, सनद, मंजूर प्लॅन, कंप्लिशन, ओसी
- मागचे सगळे डीड, नील एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट (मालमत्तेवर बोजा नसल्याचा दाखला), इन्व्हेंटरी किंवा सक्सेशनचे कागद
- घरपट्टीची शेवटची पावती, वीज आणि पाण्याचं बिल, सोसायटी असेल तर एनओसी
- आवास योजनेसाठी कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला आणि पक्कं घर नसल्याचं ॲफिडेव्हिट

सेल डीड हातात आलं की घरपट्टी आणि वीज मीटर आपल्या नावावर करायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, जुन्या मालकाची सही तेव्हा सहज मिळते, नंतर तो फोन उचलत नाही. बँकेकडून मूळ कागद जमा केल्याची यादी, एकेका कागदाच्या नावासकट, सही-शिक्क्यानिशी घ्या. फ्लोटिंग रेटच्या कर्जावर आधी पैसे भरले तर दंड नाही, तेव्हा बोनस आला की थोडे थोडे मुद्दलात टाका. फक्त सबसिडी चालू आहे तोवर खातं बंद करू नका आणि मुद्दल निम्म्याच्या खाली नेऊ नका, नाहीतर पुढचे हप्ते अडतात.